प्रकाशाचे अभ्यासक एडमंड बेक्वेरेल

आमच्या जालना जिल्ह्यांत पाण्याची वाण असेल, पण उन्हाची कधींच नाहीं. वैशाखांत पारा चाळीस अंशांच्या वर चढतो, वाटेनें चालतांना पाय भाजतात आणि गुरें झाडाच्या सावलीस उभीं राहतात. ह्याच उन्हापासून वीज करणारीं निळसर काळीं तावदानें आतां घरांच्या गच्चींवर आणि शेतांतील विहिरींजवळ दिसूं लागलीं आहेत. उन्हाची वीज होते ही गोष्ट प्रथम कोणाच्या ध्यानांत आली, असें मुलें तीं तावदानें पाहून विचारतात. ह्या प्रश्नाचें उत्तर एका फ्रेंच शास्त्रज्ञाच्या आयुष्यांत सांपडतें. त्यांचें नांव आलेक्झांडर एडमंड बेक्वेरेल. त्यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस बेक्वेरेल हें नांव अपरिचित नाहीं. किरणोत्सर्गाचा शोध लावून १९०३ सालीं नोबेल पारितोषिकाचे वांटेकरी झालेले हेन्री बेक्वेरेल ते हेच, असा कित्येकांचा समज होईल. परंतु हेन्री हे आमच्या चरित्रनायकाचे चिरंजीव होत. पुत्राच्या मोठ्या कीर्तीमुळें पित्याचें नांव मागें पडलें, असें ह्या घराण्याच्या बाबतींत घडलें आहे. म्हणून पित्याची ओळख करून देणें आम्हांस अधिकच अगत्याचें वाटतें.

एडमंड ह्यांचा जन्म पॅरिस शहरीं २४ मार्च १८२० रोजीं झाला. त्यांचे वडील आंत्वान सेझार बेक्वेरेल हे तरुणपणीं नेपोलियनच्या सैन्यांत इंजिनियर अधिकारी होते आणि स्पेनच्या मोहिमेंत त्यांनीं काम केलें होतें. १८१५ नंतर त्यांनीं लष्करी पेशा सोडला आणि विद्युच्छास्त्राच्या अभ्यासास स्वतःस वाहून घेतलें. विद्युत् आणि रसायन ह्यांच्या परस्परसंबंधाविषयीं त्यांनीं केलेल्या कामाबद्दल लंडनच्या रॉयल सोसायटीनें १८३७ सालीं त्यांस कॉप्ले पदक दिलें. पुढच्याच वर्षीं पॅरिसच्या सृष्टिविज्ञान संग्रहालयांत पदार्थविज्ञानाचें अध्यापकपद त्यांस मिळालें. हें संग्रहालय एका विस्तीर्ण वनस्पति-उद्यानांत आहे. तेथील प्रयोगशाळा हीच एडमंड ह्यांची खरी शाळा ठरली.

वयाच्या अठराव्या वर्षीं एडमंड ह्यांस पॅरिसमधील दोन नामांकित विद्यालयांत प्रवेश मिळत होता. एक इंजिनियर घडविणारें, दुसरें अध्यापक घडविणारें. दोन्हींच्या प्रवेशपरीक्षा अवघड असत आणि त्यांत उत्तीर्ण होण्यासाठीं फ्रान्समधील बुद्धिमान मुलें जिवाचें रान करीत. एडमंड ह्यांनीं मात्र तीं दोन्हीं दारें सोडून दिलीं आणि वडिलांच्या प्रयोगशाळेंत ते सहायक म्हणून राहिले. हें वाचून आमच्या विद्यार्थ्यांनीं परीक्षेचा कंटाळा करावा असा त्याचा अर्थ नव्हे. ते परीक्षा देऊन उत्तीर्ण झाले होते, आणि पुढें दोनच वर्षांनीं, १८४० सालीं, त्यांनीं पॅरिस विद्यापीठाची डॉक्टर ही पदवीही संपादन केली. शिकावयाचें कोठें आणि कोणाच्या हाताखालीं, एवढाच प्रश्न त्यांनीं आपल्यापुरता वेगळ्या रीतीनें सोडविला.

ज्या प्रयोगानें त्यांचें नांव अजरामर झालें तो त्यांनीं १८३९ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं केला. त्याच वर्षीं डागेर ह्यांनीं चांदीच्या पत्र्यावर छायाचित्र उमटविण्याची आपली युक्ति जगापुढें मांडली होती आणि पॅरिसमध्यें जिकडे तिकडे तिचीच चर्चा चालली होती. चांदीच्या कांहीं क्षारांवर प्रकाश पडला म्हणजे ते काळे पडतात, हें रसायनशास्त्रज्ञांस ठाऊक होतें. प्रकाशानें जर पदार्थांत रासायनिक फरक होतो, आणि रासायनिक फरकांतून जर वीज निघते, तर प्रकाशानें वीज कां निघूं नये, असा विचार विद्युत् आणि रसायन ह्यांच्या सान्निध्यांत वाढलेल्या ह्या तरुणाच्या मनांत यावा हें साहजिक होतें. विचार पुष्कळांस सुचतात. तो पेटींत, द्रावांत आणि पत्र्यांत उतरवून पाहणारा विरळा.

त्यांनीं एक पेटी घेऊन ती आंतून काळी केली आणि मध्यें पातळ पडदा लावून तिचे दोन भाग केले. दोन्हीं भागांत आम्लयुक्त द्राव भरला व प्रत्येक भागांत धातूचा एक एक पत्रा बुडविला. दोन्हीं पत्रे तारांनीं विद्युत्प्रवाहमापक यंत्रास जोडले. नंतर एक भाग अंधारांतच ठेवून दुसऱ्या भागांतील पत्र्यावर त्यांनीं ऊन पडूं दिलें. यंत्राची सुई हलली. झांकण घातलें कीं सुई परत येई, झांकण काढलें कीं पुन्हां हले. पत्र्यांवर सिल्व्हर क्लोराइड किंवा सिल्व्हर ब्रोमाइड ह्या क्षारांचा पातळ लेप दिला असतां सुई अधिक हलूं लागली.

येथपर्यंत पोंचलेला एखादा उतावळा मनुष्य घराबाहेर धांवत सुटला असता. एडमंड ह्यांनीं तसें केलें नाहीं. ऊन म्हणजे प्रकाश तसाच उष्णताही. मग सुई हलते ती प्रकाशामुळें कीं पत्रा तापल्यामुळें? ह्याचा निकाल लावण्यासाठीं त्यांनीं उन्हाच्या मार्गांत निरनिराळ्या रंगांच्या कांचा धरून पाहिल्या. सूर्यकिरणांतील उष्णता वर्णपटाच्या तांबड्या बाजूस अधिक असते. परंतु त्यांच्या पेटींतील प्रवाह वर्णपटाच्या जांभळ्या बाजूच्या किरणांनीं अधिक वाढत होता. तेव्हां केवळ उष्णता हें त्याचें कारण असूं शकत नाहीं, असें त्यांनीं ठरविलें आणि मगच ती हकीकत फ्रान्सच्या विज्ञानपरिषदेपुढें आली. प्रकाशापासून वीज उत्पन्न होण्याचा हा पहिला नोंदलेला शोध होय.

ह्या शोधाचा त्या काळीं उपयोग काय होता? उपयोग म्हणाल तर जवळजवळ कांहींच नव्हता. प्रवाह इतका क्षीण होता कीं, त्यानें एखादी घंटाही वाजली नसती. असें कां होतें हेंही त्यांस सांगतां येण्याजोगें नव्हतें, कारण इलेक्ट्रॉनचा शोध लागण्यास अजून ५८ वर्षें आणि प्रकाश कणरूपानें शक्ति देतो हें आइन्स्टाइन ह्यांनीं मांडण्यास ६६ वर्षें अवकाश होता. तरीही एडमंड ह्यांनीं तो क्षीण प्रवाह टाकून दिला नाहीं. त्यांनीं त्याला आपल्या हातच्या कामास जुंपलें. प्रकाश जसा कमीजास्त पडतो तसा प्रवाह कमीजास्त होतो, ह्या तत्त्वावर त्यांनीं प्रकाशाचा प्रभाव मोजण्याचें एक उपकरण बनविलें. घंटा वाजविण्याइतकें बळ ज्यांत नव्हतें त्यांत मोजण्यापुरतें बळ होतें.

ह्यानंतर त्यांचें लक्ष छायाचित्रणाकडे वळलें. लोलकांतून सूर्यप्रकाश गेला म्हणजे जो सप्तरंगी पट्टा पडतो त्यांत बारीक काळ्या रेषा असतात. १८४२ सालीं त्यांनीं ह्या पट्ट्याचें छायाचित्र घेतलें, आणि जांभळ्या रंगाच्याही पलीकडे, जेथें मानवी डोळ्यास कांहींच दिसत नाहीं, तेथेंही तशाच रेषा आहेत हें त्या चित्रांत उमटून आलें. डोळ्यास जें अगोचर तें चांदीच्या पत्र्यास गोचर झालें.

परंतु ह्याहून मोठें नवल पुढेंच होतें. १८४८ सालीं त्यांनीं चांदीच्या पत्र्यावर सिल्व्हर क्लोराइडचा थर विशिष्ट रीतीनें चढवून त्यावर सूर्याचा वर्णपट पाडला. थोड्या वेळानें त्या पत्र्यावर तांबड्याच्या जागीं तांबडा, हिरव्याच्या जागीं हिरवा, निळ्याच्या जागीं निळा असे रंग उमटले. ना कुंचला, ना रंग. सूर्यानें आपलें चित्र आपल्याच रंगांत काढलें. रंगीत छायाचित्राचा हा अगदीं आरंभींचा नमुना होय.

ह्या यशांत मात्र एक मोठें वैगुण्य होतें. तें चित्र टिकेना. काळ्या-पांढऱ्या छायाचित्रांत उरलेला क्षार रसायनानें धुऊन काढतात आणि चित्र कायम करतात. येथें तें रसायन लावलें कीं रंगच नाहींसे होत. तसेंच ठेवून उजेडांत पाहावें तर हळूहळू सगळा पत्रा काळवंडे. म्हणजे ज्या प्रकाशानें चित्र काढलें तोच प्रकाश तें पुसूनही टाकी. एडमंड ह्यांनीं पुष्कळ यत्न केले, पण रंग कायम करण्याचा उपाय त्यांस सांपडला नाहीं. त्यांनीं हा दोष लपविला नाहीं. कृति कशी केली, काय साधलें आणि काय साधलें नाहीं, तें सर्व त्यांनीं लिहून प्रसिद्ध केलें आणि ते पत्रे अंधारांत ठेवून दिले. त्यांतील नमुना फ्रान्समधील एका संग्रहालयांत अजूनही उजेडापासून जपून ठेवलेला आहे.

पॅरिसच्या कला व उद्योग महाविद्यालयांत पदार्थविज्ञानाचे अध्यापक म्हणून त्यांनीं पुष्कळ वर्षें काम केलें. शिकविणें आणि शोध करणें हीं दोन्हीं कामें ते बरोबरच चालवीत. ह्याच काळांत त्यांनीं आणखी एका कोड्याची उकल केली. कांहीं खनिजें उजेडांत ठेवून अंधारांत नेलीं असतां कांहीं वेळ चमकत राहतात. कांहीं पदार्थ उजेड पडतो तोंवरच चमकतात आणि उजेड जातांच विझतात असें वाटे. पण खरोखरच ते तत्क्षणीं विझतात, कीं आपल्या डोळ्यास कळूं नये इतक्या थोड्या वेळानें विझतात? हें पाहण्यासाठीं त्यांनीं एक चतुर यंत्र रचिलें. दोन भोंकें पाडलेल्या चकत्या एकाच दांड्यावर अशा बसविल्या कीं, एकीचें भोंक दुसरीच्या भोंकासमोर कधींही येऊं नये. मध्यें पदार्थ ठेवून चकत्या वेगानें फिरविल्या. मागच्या भोंकांतून उजेड पदार्थावर पडे, आणि तो बंद झाल्यावर क्षणाच्या अल्प अंशानें पुढच्या भोंकांतून पदार्थ डोळ्यास दिसे. चकत्यांचा वेग वाढवीत नेला असतां हा अंश एका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापर्यंत लहान करतां येई. लगेच विझतात असे वाटणारे पुष्कळ पदार्थ वस्तुतः थोडा काळ तेवत राहतात, हें ह्या यंत्रानें सिद्ध झालें. १८५८ च्या सुमाराचें हें काम होय. ह्या तपासांत युरेनियमच्या क्षारांची चमक त्यांनीं विशेष काळजीनें अभ्यासिली होती. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण तिचें फळ पुढच्या पिढींत दिसणार आहे.

१८६३ सालीं फ्रान्सच्या विज्ञानपरिषदेचे ते सभासद झाले. १८६७-६८ मध्यें प्रकाश, त्याचीं कारणें आणि त्याचीं कार्यें ह्या विषयावरील त्यांचा ग्रंथ दोन भागांत प्रसिद्ध झाला. १८७८ च्या जानेवारींत वयोवृद्ध वडील वारले. चाळीस वर्षें वडिलांच्या हातीं असलेलें संग्रहालयांतील अध्यापकपद तेव्हां एडमंड ह्यांजकडे आलें. त्या वेळीं ते स्वतः ५७ वर्षांचे होते.

येथें आम्हांस १८७४ सालाकडे थोडें मागें गेलें पाहिजे. त्याच्या आदल्या वर्षीं बर्लिनचे फोगेल ह्यांस असें आढळलें होतें कीं, छायाचित्राच्या कांचेवरील चांदीच्या क्षारांत विशिष्ट रंगद्रव्य मिसळलें असतां, एरवीं ज्या रंगाचा प्रकाश त्या क्षारास लागू पडत नाहीं तो लागू पडूं लागतो. ह्याचें कारण असें कीं, चांदीचे क्षार स्वभावतः निळा-जांभळा प्रकाश घेतात. हिरवा, पिवळा, तांबडा त्यांस जवळजवळ नसल्यासारखा. रंगद्रव्य तो प्रकाश शोषून घेतें आणि त्याची शक्ति क्षाराच्या स्वाधीन करतें. एडमंड ह्यांनीं हें वाचून १८७४ सालीं स्वतः प्रयोग केला. त्यांनीं घेतलेलें रंगद्रव्य म्हणजे झाडांच्या पानांतील हरितद्रव्य. सूर्यापासून अन्न करण्याचें काम जें द्रव्य युगानुयुगें करीत आहे तेंच त्यांनीं छायाचित्राच्या कांचेवर कामास लाविलें, आणि ती कांच तांबड्या प्रकाशासही दाद देऊं लागली.

आतां वाचकांनीं क्षणभर थांबून पाहावें. एका बाजूस १८३९ सालची पेटी, जिच्यांत द्राव आहे, पत्रे आहेत आणि प्रकाशानें वीज निघते. पण ती निघते मुख्यतः निळ्या-जांभळ्या किरणांनीं. दुसऱ्या बाजूस १८७४ सालची कांच, जिच्यावर रंगद्रव्य आहे आणि जी इतर रंगांचाही प्रकाश पकडते. दोन्हीं गोष्टी एकाच माणसाच्या हातून गेल्या. दोन्हीं एकत्र केल्या तर अधिक प्रकाशापासून अधिक वीज मिळेल, हें आज आमच्या आठवीच्या मुलासही सुचेल. तें एकत्र करण्याचें काम मात्र १८८७ सालीं व्हिएन्ना येथें जेम्स मोझर ह्यांनीं केलें. त्यांनीं बेक्वेरेल ह्यांच्या पद्धतीच्या चांदीच्या पत्र्यांस एरिथ्रोसिन नांवाचा तांबडा रंग दिला आणि प्रवाह वाढल्याचें दाखविलें. ह्यांत बेक्वेरेल ह्यांस कमीपणा आहे असें आम्ही समजत नाहीं. एकानें पेरावें आणि दुसऱ्यानें खुडावें, हा शेतकऱ्याच्या घरांत नुकसानीचा व्यवहार ठरेल. शास्त्राच्या शेतांत तोच रूढ व्यवहार आहे.

त्याच काळांत आमच्या मुंबईंतही सूर्याची शक्ति कामास लावण्याची खटपट चालली होती, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. विल्यम ॲडम्स नांवाचे एक इंग्रज गृहस्थ तेव्हां मुंबईंत राहत असत. त्यांनीं पुष्कळसे सपाट आरसे एका मोठ्या चौकटींत बसवून त्यांचें ऊन एका बाष्पपात्रावर एकवटलें, आणि त्या वाफेवर पंप चालवून दाखविला. उन्हावर अन्न शिजविण्याची पेटीही त्यांनीं बनविली. उष्ण देशांत सरपणाऐवजीं सूर्याची उष्णता वापरावी, असें सांगणारें त्यांचें इंग्रजी पुस्तक १८७८ सालीं मुंबईसच छापलें गेलें. ॲडम्स ह्यांची वाट उष्णतेची, बेक्वेरेल ह्यांची प्रकाशाची. उष्णतेच्या वाटेनें त्या वेळीं पंप चालला. प्रकाशाच्या वाटेनें केवळ सुई हलली. त्या दिवसांत दोन्हींची तुलना करणाऱ्यानें कोणत्या वाटेस कौल दिला असता हें सांगावयास नकोच.

१८९१ च्या फेब्रुवारींत पॅरिसच्याच गाब्रिएल लिपमन ह्यांनीं टिकाऊ रंगीत छायाचित्र तयार केल्याचें विज्ञानपरिषदेस कळविलें. त्यांची रीत निराळी होती, परंतु ४३ वर्षांपूर्वीं एडमंड ह्यांच्या हातून जें निसटलें होतें तें अखेर साधलें. त्यानंतर तीनच महिन्यांनीं, ११ मे १८९१ रोजीं, एडमंड बेक्वेरेल पॅरिस येथें मरण पावले. त्या वेळीं त्यांचें वय ७१ वर्षांचें होतें.

त्यांचे पुत्र हेन्री ह्यांचा जन्म १८५२ सालचा. वडिलांप्रमाणेंच तेही बापाच्या प्रयोगशाळेंत वाढले आणि युरेनियमच्या चमकणाऱ्या क्षारांचा विषय त्यांस जणूं वारशानें मिळाला. त्याच क्षारांवर प्रयोग करीत असतां १८९६ सालीं, ढगाळ हवेमुळें खणांत ठेवून दिलेल्या छायाचित्राच्या कांचेवर उजेडाशिवाय ठसा उमटलेला त्यांस दिसला, आणि किरणोत्सर्गाचा शोध लागला. एडमंड ह्यांचे नातू जाँ हेही पदार्थवैज्ञानिक झाले. संग्रहालयांतील तें अध्यापकपद पणजोबापासून पणतूपर्यंत चार पिढ्यांनीं १८३८ पासून १९४८ पर्यंत सांभाळलें.

आतां त्या क्षीण प्रवाहाचें पुढें काय झालें तें सांगितल्याशिवाय हें चरित्र पुरें होणार नाहीं. १८७६ सालीं लंडन येथें सेलेनियम ह्या घन पदार्थांत प्रकाशानें वीज उत्पन्न होते असें आढळलें. १९५४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें सिलिकॉनचा घट बनविला. त्यावर पडणाऱ्या प्रकाशशक्तीचा सुमारें सहा टक्के भाग विजेच्या रूपानें हातीं येऊं लागला. आज आमच्या गच्चींवर दिसणारीं तावदानें ह्याच सिलिकॉनच्या वंशांतील असून तीं वीस टक्क्यांच्या वरही वीज देतात. परंतु सिलिकॉन अत्यंत शुद्ध करावा लागतो व त्यास भट्टीचा मोठा खर्च येतो. म्हणून कांहीं शास्त्रज्ञ द्राव आणि रंगद्रव्य ह्यांच्या जुन्या वाटेकडे पुन्हां वळले.

त्या वाटेवर अडचण अशी होती कीं, पत्र्यावर रंगद्रव्याचा अगदीं पातळ, एका रेणूइतका थरच खरें काम करतो; जाड थर दिला तर वरच्या रेणूंची वीज पत्र्यापर्यंत पोंचत नाहीं. आणि एवढ्या पातळ थरांत प्रकाश तो कितीसा अडकणार? ह्या अडचणीवर १९९१ सालीं, म्हणजे बेक्वेरेल ह्यांच्या निधनानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, स्वित्झर्लंडमधील लोझान येथें मायकेल ग्रॅत्सेल आणि ब्रायन ओरेगन ह्यांनीं तोड काढली. त्यांनीं सपाट पत्रा न घेतां टायटॅनियम डायऑक्साइड ह्या पांढऱ्या धातु-भस्माचे अतिसूक्ष्म कण कांचेवर पसरून, भाजून, त्यांचा स्पंजासारखा सच्छिद्र थर केला आणि प्रत्येक कणास रंगाचें पातळ पांघरूण घातलें.

लहान कणांनीं काय साधतें, तें साध्या अंकगणितानें कळेल. एक सेंटिमीटर लांबी, रुंदी व उंची असलेला ठोकळा घ्या. त्याच्या सहा बाजूंचें क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटर. त्याचे एक एक मिलिमीटरचे ठोकळे कापले तर तें ६० चौरस सेंटिमीटर होतें. मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यांतील एकास नॅनोमीटर म्हणतात. त्या ठोकळ्याचे वीस वीस नॅनोमीटरचे तुकडे केले तर एकूण क्षेत्रफळ ३०० चौरस मीटर भरतें. पदार्थ तेवढाच, पण रंग चढण्यास जागा एखाद्या मोठ्या सभागृहाच्या जमिनीएवढी. प्रकाश पडला म्हणजे रंगाचा रेणू एक इलेक्ट्रॉन सोडतो, भस्माचा कण तो झेलतो, आणि कणाकणांवरून तो कांचेवरील वाहक थरापर्यंत जातो. बाहेरच्या तारेंतून फिरून तो परत आला म्हणजे आयोडीनचा द्राव त्यास पुन्हां रंगाच्या रेणूकडे पोंचवितो. त्या पहिल्या घटानेंच सात टक्क्यांहून अधिक वीज दिली आणि पुढील काळांत हा आंकडा तेरा टक्क्यांच्या वर गेला.

ह्या घटांत अजून उणीवा आहेत. द्राव गळतो, रंग कालांतरानें विटतो, आणि झेललेला इलेक्ट्रॉन कधीं कधीं तारेकडे न जातां मागच्या मागें द्रावांत निसटतो. म्हणून कोणी टायटॅनियमऐवजीं जस्ताचें किंवा कथलाचें भस्म वापरून पाहतात, कोणी एका भस्माच्या कणांवर दुसऱ्या भस्माचा पातळ लेप देऊन इलेक्ट्रॉनची ती पळवाट बंद करतात, तर कोणी थरांत चांदीचे सूक्ष्म कण मिसळून अधिक प्रकाश पकडूं पाहतात. रंगासाठीं जांभूळ, डाळिंब, जास्वंद ह्यांचे रसही वापरून पाहिले गेले आहेत. कृत्रिम रंगांपेक्षां त्यांची वीज पुष्कळ कमी भरते, परंतु शिकण्यास ते उत्तम. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठांत ह्या विषयावर संशोधन झालें आहे.

आणि त्या १८४८ सालच्या रंगीत पत्र्यांचें काय? त्यांतील रंग कशामुळें उमटले, ह्याविषयीं पावणेदोनशें वर्षें वाद चालला होता. २०२० सालीं फ्रान्समधील संशोधकांनीं बेक्वेरेल ह्यांची लिहून ठेवलेली कृति पुन्हां केली, तसे पत्रे बनविले आणि अति सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तपासले. त्यांत कसलेंही रंगद्रव्य नव्हतें. सिल्व्हर क्लोराइडच्या थरांत चांदीचे नॅनोमीटरच्या मापाचे कण होते, आणि ज्या रंगाचा प्रकाश पडला त्याप्रमाणें त्यांची मांडणी बदललेली होती. सौर घटांत चांदीचे जे कण आज शास्त्रज्ञ मुद्दाम घालतात, त्याच जातीचे कण १८४८ सालीं बेक्वेरेल ह्यांच्या पत्र्यावर नकळत तयार झाले होते. त्यांनीं कृति अर्धवट लिहिली असती, किंवा चित्र टिकत नाहीं म्हणून पत्रे फेंकून दिले असते, तर हा उलगडा होण्यास कांहीं साधनच उरलें नसतें.

विद्यार्थीमित्रहो, ह्या चरित्रांत लढाई नाहीं, तुरुंगवास नाहीं, दारिद्र्याशीं झुंज नाहीं. बापाच्या प्रयोगशाळेंत वाढलेल्या एका मनुष्यानें पन्नास वर्षें प्रकाशाचा हिशेब ठेवला, एवढीच ही कथा. परंतु त्या हिशेबांत न जमलेली बाकीही त्यांनीं खरी खरी मांडली, म्हणून पुढच्या लोकांस ती फेडतां आली. तुमच्या प्रयोगाच्या वहींत अपेक्षित उत्तर न येतां भलतेंच येतें तेव्हां शेजाऱ्याच्या वहींतला आंकडा उतरून घेण्याचा मोह होतो. त्या वेळीं ह्या गृहस्थांची आठवण करा आणि आलेला आंकडाच लिहा.

पालकांसही आमची एक विनंति आहे. मूल एखाद्या क्षुल्लक वस्तूशीं तासन् तास खटपट करीत बसलें म्हणजे ह्याचा उपयोग काय, असें आपण चटकन् विचारून जातों. १८३९ सालीं त्या काळ्या पेटीजवळ उभें राहून कोणीं हाच प्रश्न केला असता, तर त्या एकोणीस वर्षांच्या मुलापाशीं सुई हलते ह्यापलीकडे देण्यास उत्तर नव्हतें. आज जालन्याच्या शिवारांत उन्हाच्या बळावर विहिरीचें पाणी पिकांस मिळत आहे, तें त्या प्रश्नाचें उत्तर होय. तें येण्यास एका मनुष्याचें आयुष्य पुरलें नाहीं, इतकेंच.